डेल्को फिरवण्याआधी

आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला कुणी डिस्ट्रिब्युटर म्हणत नाही, तो 'डेल्को'. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली अमेरिकेतल्या डेटन शहरात जी कंपनी काढली, तिच्या लांबलचक नावाचं हे लघुरूप. कंपनी पुढे जनरल मोटर्सच्या पोटात गेली, इग्निशनची ती पद्धतही मागे पडली, पण नाव डालड्यासारखं वस्तूला चिकटून राहिलं. नावाबरोबर एक सवयही राहिली. गाडी ओढत नाही, मिसिंग मारते, तापते, सायलेन्सरमध्ये फटाके फोडते, तक्रार कुठलीही असो. मिस्त्री डेल्कोचा बोल्ट सैल करणार, कान देऊन तो थोडा इकडे थोडा तिकडे फिरवणार आणि इंजिनाचा आवाज 'बसला' की बोल्ट आवळणार. लागलं टायमिंग.

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात हे खपून गेलं. कॉम्प्रेशन कमी, फेरे कमी, घाई कमी. टायमिंग चार-पाच अंश चुकलं तरी टॅक्सी कुर्ल्याहून चर्चगेटला पोचायचीच. पण हौसेने बांधलेल्या इंजिनाचं तसं नाही. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, कॅम बदललेला किंवा टर्बो बसवलेला असला, की तेच चार अंश पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडायला पुरेसे होतात. अशा गाड्या आता आपल्याकडे थोड्या नाहीत. रॅलीसाठी बांधलेल्या जिप्सी, जुन्या सिटी व्हीटेक, रीमॅप केलेल्या पोलो आणि ऑक्टाव्हिया कोइमतूर नि श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर किंवा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळतात, आणि सोमवारी कुठल्यातरी गॅरेजात बॉनेट उघडून उभ्या असतात. मालक म्हणतो, टायमिंगचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. खरंच आहे का, आणि असेल तर ते ओळखायचं कसं, या प्रश्नावर शंभर वर्षांत बरीच हत्यारं आणि त्याहून बरीच मतं जमली आहेत. त्यांचा हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. टायमिंगचे आकडे तीन असतात: सांगितलेलं, झालेलं आणि हवं असलेलं. इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, किंवा डेल्कोने जे सांगितलं ते पहिलं. प्लगमध्ये ठिणगी पडली तेव्हा क्रँक प्रत्यक्षात जिथे होता ते दुसरं. त्या क्षणी त्या इंजिनाला, त्या पेट्रोलवर, त्या लोडला जे मानवलं असतं ते तिसरं. निदान म्हणजे या तिघांत फारकत कुठे झाली ते शोधणं. गॅरेजांत होणारी बहुतेक फसगत एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवल्यामुळे होते.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण बाकी दोन त्याच्यासाठीच आहेत. सिलिंडरमधलं मिश्रण बॉम्बसारखं एका क्षणात उडत नाही. प्लगपाशी ज्योत धरते आणि गवताला लागलेल्या वणव्यासारखी कडेपर्यंत पसरत जाते. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला पोचून साधारण १२ ते १८ अंश खाली सरकला असताना सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त असावा. तेव्हाच त्या दाबाचं क्रँकवर चांगलं काम होतं. वणवा पसरायला वेळ लागतो, म्हणून काडी आधी ओढायची. हा 'आधी', म्हणजे ॲडव्हान्स, केवढा, ते पाहा. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलला क्रँकचा एक अंश म्हणजे सुमारे १८५ मायक्रोसेकंद. ६००० फेऱ्यांना तोच अंश अवघ्या २८ मायक्रोसेकंदांत निघून जातो.

मग फेरे साडेसहापट झाले की ॲडव्हान्सही साडेसहापट लागायला हवा. तसा तो लागत नाही, आणि हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. फेरे वाढतात तशी सिलिंडरमधली हवेची घुसळण वाढते, आणि घुसळणीबरोबर ज्योतही वेगाने पळते. म्हणून ॲडव्हान्स सुरुवातीला भराभर वाढवावा लागतो आणि पुढे त्याची रेषा जवळजवळ आडवी होते. १९५५ पासून अमेरिकेतल्या हौशी मंडळींचं लाडकं असलेलं शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन घ्या. त्याचा पिढीजात हिशेब असा, की ३००० फेऱ्यांच्या आसपास एकूण ३४ ते ३६ अंश भरून झाले पाहिजेत. त्यापुढे वाढ नाही. याउलट चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लग मधोमध असतो, ज्योतीला सगळीकडचं अंतर कमी पडतं, त्यामुळे तिथे फुल थ्रॉटलला त्याहून बरेच कमी अंश पुरतात. 'आमची गाडी ३८ अंशांवर पळते' असं छाती फुगवून सांगणारे भेटतात तेव्हा मला गंमत वाटते. ज्या इंजिनाला जास्त ॲडव्हान्स लागतो त्याचं जळण आळशी, एवढाच त्याचा अर्थ.

लोडचं गणित याच चालीने जातं. थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवून हायवेने जाताना सिलिंडरमध्ये माल विरळ असतो आणि तो सावकाश जळतो, म्हणून चाळीसहून अधिक अंशही चालतात. जुन्या डेल्कोच्या कुशीतली व्हॅक्यूम ॲडव्हान्सची डबी यासाठीच असते. रेसिंगला लागत नाही म्हणून ती काढून टाकायची फॅशन होती, अजूनही आहे. ट्रॅकवर खरोखरच लागत नाही. पण तीच गाडी दादरच्या ट्रॅफिकमध्ये तापते, पेट्रोल पिते आणि दोष रेडिएटरच्या माथी जातो. टर्बोच्या इंजिनात भर बूस्टला चित्र अगदी उलटं: माल इतका ठासून भरलेला, की काही इंजिनांत दहा-बारा अंशांतच भागवावं लागतं.

हवं असलेलं टायमिंग मोजायची खरी जागा डायनो. इंजिन ठरावीक फेऱ्यांवर, ठरावीक लोडवर धरून ठेवायचं, टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे न्यायचं आणि टॉर्क बघायचा. तो आधी भरभर चढतो, मग डोंगरमाथ्यासारखा सपाट होतो. त्या सपाटीवरचे शेवटचे दोन अंश टॉर्कमध्ये जवळपास काही भर घालत नाहीत. दाब आणि उष्णता मात्र चढत राहते. शहाणा ट्यूनर सपाटीच्या अलीकडच्या काठावर थांबतो. पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक टर्बो इंजिनांच्या नशिबी भर बूस्टला ती सपाटी नसतेच, माथ्याआधीच नॉकिंग, म्हणजे मालाचं आपोआप पेटणं, आडवं येतं.

म्हणून पेट्रोल. देशभरात शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० च्या फेब्रुवारीत. पुढे साध्या ९१ ऑक्टेनपासून इंडियन ऑइलच्या एक्सपी १०० पर्यंत पायऱ्या झाल्या, आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं ई-२० आलं. इथेनॉल नॉकिंगला सहजी दाद देत नाही आणि बाष्प होताना हवाही थंड करतं. ट्यूनरच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण त्याला हवा कमी लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत जेट तेच राहिले तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण सावकाश जळतं. म्हणजे इंधन बदललं की हवं असलेलं टायमिंग सरकतं, डेल्कोला हात न लावता. १०० ऑक्टेनवर केलेला रीमॅप घेऊन सुट्टीत गावाला जायचं, वाटेत मिळेल ते ९१ भरायचं आणि घाट चढताना इंजिन टकटकलं की ट्यूनरला शिव्या द्यायच्या, हेही पाहिलं आहे. सांगितलेलं बरोबर, झालेलंही बरोबर, चूक टाकीत.

आता झालेलं टायमिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त खोटं इथेच बोललं जातं.

हत्यार जुनंच, स्ट्रोब टायमिंग लाइट. एक नंबरच्या प्लगच्या वायरीला चिमटा लावायचा, ठिणगी पडली की दिवा लुकलुकतो आणि फिरती पुली जागेवर थिजल्यासारखी दिसते. तिच्यावरची खूण कुठल्या आकड्यासमोर आहे ते वाचायचं. यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो: खूण खरी आहे. पुष्कळ इंजिनांत पुढची पुली दोन भागांची असते, आत हब आणि बाहेर जड कडं, मध्ये रबर. रबर म्हातारं झालं की कडं घसरतं आणि त्याच्यावर कोरलेली खूणही घसरते. मग ३४ म्हणून लावलेलं टायमिंग प्रत्यक्षात ४२ असू शकतं. पुली बदललेली असेल, दुसऱ्या मॉडेलचं टायमिंग कव्हर बसलं असेल, तरी हेच.

तेव्हा पहिलं काम खूण तपासणं. एक नंबरचा प्लग काढून भोकात स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि पिस्टन सर्वांत वर आला असं वाटलं की टीडीसी म्हणायचं, ही आपली नेहमीची रीत. ती का चुकते ते आकड्यातच दिसतं. ८६ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून पाच अंश फिरला तरी पिस्टन खाली येतो जेमतेम ०.२ मिलिमीटर. हाताला ते कळत नाही. बरोबर रीत अशी: बॅटरीची वायर काढायची, सगळे प्लग काढायचे, एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला वरपर्यंत जाऊ न देणारा बोल्ट, बसवायचा. क्रँक हाताने एका दिशेला अडेपर्यंत फिरवायचा, पुलीवर रेघ मारायची. उलट दिशेला अडेपर्यंत फिरवायचा, दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक अंश म्हणजे १.३ मिलिमीटर, रेघ जाड ओढली तरी अंशभराचा फरक झालाच. या सगळ्याला अर्धा तास लागतो. एवढा अर्धा तास न दिल्याने पुढचे पंधरा दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत.

दिवासुद्धा फसवतो. मागे नॉब असलेले लाइट आकडा स्वतःच हिशेबाने काढतात. वेस्टेड स्पार्कच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, ती बघून लाइट समजतो की इंजिन दुप्पट वेगाने फिरतंय, आणि ॲडव्हान्स दुप्पट दाखवतो. वीस वाचून घाबरलेल्या माणसाचं इंजिन खरं दहावर असतं. कमी फेऱ्यांना एका वेळी अनेक ठिणग्या टाकणाऱ्या इग्निशन बॉक्सबरोबरही असे लाइट बावचळतात. साधा, बिननॉबचा लाइट आणि पुलीवर अंशांची पट्टी, ही जोडी मला अजून भरवशाची वाटते.

तिसरी फसगत आयडलची. आधुनिक ईसीयू आयडल स्थिर ठेवायला टायमिंगच पुढेमागे नाचवतो, कारण थ्रॉटलपेक्षा ते झटपट हलतं. लाइट मारला की खूण पाच-सहा अंश नाचताना दिसते आणि सेन्सर खराब ठरतो. हा नाच बंद केल्याशिवाय बेस टायमिंग वाचायचंच नसतं. पहिल्या पिढीच्या १६०० सीसी माझदा एमएक्स-५ मध्ये त्यासाठी डायग्नोस्टिक डबीतली दोन टोकं जोडायची आणि १० अंश लावायचे. टोयोटाच्या ४ए-जीई इंजिनालाही जंपर लावून १०च. होंडाच्या बी-सिरीजला सर्व्हिस कनेक्टर जोडून १६, दोन अंश इकडेतिकडे चालतात. जंपर न लावता डिस्ट्रिब्युटर फिरवणं म्हणजे हलत्या तराजूत सोनं तोलणं.

टायमिंग चूक आहे एवढं कळून भागत नाही, ते कसं चूक आहे हे महत्त्वाचं, आणि ते फेरे वाढवत नेले की दिसतं. खूण जागच्या जागी थरथरते, दुहेरी दिसते? मग कुठेतरी झीज आहे: डेल्कोच्या दांड्याचं बुश, त्याचा गिअर, ताणलेली टायमिंग चेन. रोलर कॅम बसवलेल्या व्ही-८ मध्ये कॅमच मागेपुढे सरकतो आणि तिरप्या दातांमुळे डेल्कोला ओढत राहतो. खूण हळूहळू पुढे न जाता एकदम उडी घेते? डेल्कोत फेऱ्यांबरोबर ॲडव्हान्स वाढवणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील किंवा एखादी तुटली असेल. खूण हलतच नाही? वजनं गंजून जाम. पॉइंटची गाडी असेल तर आधी गॅप मग टायमिंग, हा क्रम मोडायचा नाही. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबर झिजला की गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. ठिणगी वेळेवर पडूनही चुकीच्या सिलिंडरला जाणं हा आणखी एक प्रकार. शेव्हरोलेच्या १-८-४-३-६-५-७-२ या क्रमात शेजारशेजारचे ५ आणि ७ लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून ओढल्या तर एकीतला करंट दुसरीत उमटतो. जुने हॉट रॉडवाले डेल्कोच्या टाकाऊ झाकणाला भोक पाडतात आणि आत स्ट्रोब मारून रोटर टर्मिनलसमोर येतोय की मागेच राहतोय ते बघतात. इतकं साधं आणि इतकं निर्णायक दुसरं काही मला माहीत नाही.

सांगितलेलं टायमिंग हा ईसीयूचा मामला. आपल्याकडे २०१३ पासून गाड्यांत ओबीडी-२ आलं. दीड-दोन हजारांचा डोंगल लावला की मोबाइलवर टायमिंगचे अंश धावताना दिसतात, आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तो आकडा ईसीयूने काय सांगितलं ते दाखवतो. ठिणगी कधी पडली हे ईसीयूलाही ठाऊक नसतं. तो क्रँक सेन्सरच्या भरवशावर हिशेब करतो. क्रँकवरच्या चाकाला ३६ जागा आणि एक दात गाळलेला, किंवा ६० जागा आणि दोन गाळलेले, ही नेहमीची रचना. पहिल्यात एक दात म्हणजे १० अंश, दुसऱ्यात ६. गाळलेला दात टीडीसीपासून किती दूर, हा आकडा चुकीचा भरला की टायमिंगचा सगळा नकाशाच तेवढा सरकतो, आणि स्क्रीनवर मात्र सगळं छान दिसतं.

बाजारातून घेतलेला स्टँडअलोन ईसीयू बसवणाऱ्यांसाठी एक तपासणी सक्तीची मानावी. सॉफ्टवेअरमधून टायमिंग, समजा, १५ अंशांवर गोठवायचं, स्ट्रोब मारायचा आणि इंजिन हळूहळू ५००० पर्यंत न्यायचं. खूण १५ वरून हलता कामा नये. पहिल्यापासून सारखीच चूक असेल तर दाताचा हिशेब चुकलाय. फेऱ्यांबरोबर खूण किंचित मागे सरकत असेल तर सर्किटचा उशीर: ५० मायक्रोसेकंद १००० फेऱ्यांना ०.३ अंश भरतात, ७००० ला २.१. ईसीयूत तो भरून काढायची सोय असते. खूण मोठी भटकत असेल तर मॅग्नेटिक सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्यात का ते बघा; सिग्नलची चुकीची बाजू पकडली गेली की वेगाबरोबर टायमिंग वाहवत जातं. सर्वांत घातक चूक म्हणजे कॉइलचा सिग्नल उलटा असणं. कॉइल भरायला सुरुवात व्हावी त्या क्षणीच ठिणगी पडते. भरायचा वेळ तीन मिलिसेकंद धरला तर १००० फेऱ्यांना ठिणगी १८ अंश लवकर, ६००० ला १०८ अंश लवकर. अशी गाडी कधीकधी आयडलला चालतेही, म्हणूनच ती धोकादायक. कॉइल हाताला चटका देण्याइतकी तापली असेल तर तिथेच थांबावं.

नॉकिंगचं निदान हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्यात अंधश्रद्धाही भरपूर. ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातला शिल्लक माल दाबाने आपोआप पेटतो, दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटतात, तो टकटक आवाज. त्याचा सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. ८६ मिलिमीटर बोअरला तो ६.७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि नॉक सेन्सर तेवढ्याच पट्ट्यात कान लावून बसलेला असतो. पण त्या पट्ट्यात इतरही पुष्कळ आवाज पडतात: फोर्ज्ड पिस्टन थंड असतानाची खडखड, सैल हीट शील्ड, घासणारा एक्झॉस्ट. ईसीयूला ते नॉकिंग वाटतं आणि तो टायमिंग ओढून घेतो. पिकअप गेला, म्हणून मालक टायमिंग पुढे करून मागतो. सेन्सर किती आवळलाय यावरही बरंच अवलंबून. बॉशच्या वर्तुळाकार सेन्सरला २० न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडे तो पान्यावर पाय देऊन आवळतात. सुबारूने यातून एक सोयीची गोष्ट दिली. तिचा ईसीयू एक गुणक ठेवतो. १ असेल तर नकाशावर पूर्ण विश्वास, नॉकिंग वारंवार ऐकू आलं की आकडा खाली. ट्यूनरच्या गप्पांपेक्षा तो आकडा बोलका. साबने ट्रायॉनिकमध्ये आणि बीएमडब्ल्यूने एम-५ च्या व्ही-१० मध्ये प्लगलाच सेन्सर बनवलं, जळणाऱ्या वायूतून वाहणारा सूक्ष्म करंट मोजून. गॅरेजात इतकं काही नसलं तरी तांब्याची नळी टोकाला चपटी करून ब्लॉकला आवळायची आणि दुसरं टोक हेडफोनला जोडायचं, हा जुना उपाय आजही डायनोवर चालतो. सरावलेला कान सेन्सरशी बरोबरी करतो. कधी हरवतोही.

प्लग वाचण्याबद्दल मतभेद आहेत. वाकड्या पट्टीवर रंग कुठे बदलतो यावरून टायमिंग सांगणारे जाणकार आहेत, पण आजच्या पेट्रोलवर आणि शहरात फिरून आलेल्या प्लगवर मी त्या भाकितावर इंजिन पणाला लावणार नाही. पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर मात्र चर्चा नको. पिस्टन वितळायला लागलाय. आणि सगळी टकटक टायमिंगची नसते. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांना, ठिणगी पडायच्या आतच मिश्रण पेटतं. ठिणगीच कारण नाही, तर तिला मागे सरकवून काय होणार? ते दुखणं ऑइलशी जोडलेलं निघालं. २०१८ च्या एपीआय एसएन प्लस या दर्जापासून ऑइलवाल्यांनी त्यावर काम केलं. अशा गाडीला योग्य दर्जाचं ऑइल घालणं हाच टायमिंगचा उपचार.

एक्झॉस्ट लालबुंद झाला की टायमिंग फार पुढे गेलंय, ही समजूत तर इतकी पक्की आहे की तिच्यापुढे वाद घालणं जिवावर येतं. खरं उलट आहे. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावरही चालू राहतं आणि ती आग मॅनिफोल्डमध्ये जाते. रॅलीच्या टर्बो गाड्यांतली अँटी-लॅग यंत्रणा हेच मुद्दाम करते. थंड गाडी सुरू करताच ईसीयूही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला टायमिंग मागे ठेवतो. पुढे गेलेल्या टायमिंगची खूण वेगळी: गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळतो, मागे झटका देतो. मे महिन्यात अकोल्याला पिकअप कमी वाटणं हेही दुखणं नाही. तापलेली हवा आत येते आणि ईसीयू आपणहून अंश कमी करतो. त्याला तसं शिकवलेलं असतं.

एका मित्राच्या जुन्या १३०० सीसी गाडीची गोष्ट सांगून थांबतो. इंजिन खोलून बांधलं होतं, कॅम बदलला होता, टायमिंग बेल्ट नवा. वरच्या फेऱ्यांना गाडी झकास, खाली दमच नाही. प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले, आणि डेल्को तर चार जणांनी चार वेळा फिरवला. जंपर लावून स्ट्रोब मारला की खूण दरवेळी १० वर. मग टायमिंग बरोबर आहे म्हणून सगळे पुढच्या सुट्या भागाकडे वळायचे. तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी नजरेला पडलं, की डेल्को त्याच्या खाचेच्या अगदी टोकाला जाऊन टेकलाय, आणि बोल्टच्या शेजारी, खाचेच्या मधोमध, जुन्या वॉशरचा चकचकीत गोल वळ तसाच उघडा आहे. त्या इंजिनात डेल्को कॅमवरून फिरतो. बेल्ट एका दाताने मागे बसला होता. वीस दातांच्या क्रँक गिअरला एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. कॅम तेवढा उशिरा चालत होता, त्याच्याबरोबर ठिणगीही उशिरा झाली असती; पण बांधणाऱ्याने डेल्को खाचेच्या टोकापर्यंत ओढून ठिणगी पुन्हा १० वर आणली आणि बेल्टची चूक झाकली गेली. कव्हर उघडून तोच बेल्ट एक दात पुढे घेतला, दीड तासाचं काम. डेल्कोचा बोल्ट वॉशरच्या जुन्या वळावर जाऊन बसला. स्ट्रोब मारून पाहिलं, खूण १० वर होती. आधीही १० वरच होती.